दोन्ही जन्म छप्पनचे

दिनांक २ मार्च १९६१, भिलाई. रांगेतली क्वार्टरे चोवीस. माणसे एकशे सदतीस. पंधरा वर्षांखालील एकोणसाठ, पंधरा ते साठ अठ्ठ्याहत्तर, साठीपुढे कोणी नाही.

या ‘कोणी नाही’मध्ये जानराव होते.

शिरगणतीचे गुरुजी रांगेत फिरत फिरत दाराशी आले तेव्हा जानराव ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. गुरुजींनी नाव विचारले, त्यांनी सांगितले. धर्म विचारला तेव्हा ‘बौद्ध’ असे तीनदा सांगितले आणि लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवायला लावले. वय विचारल्यावर म्हणाले, “छप्पनचा.” गुरुजींनी ५६ लिहिले आणि शेजारच्या दाराला गेले. वयाचा रकाना जानरावांनी वाचून घेतला नाही.

छप्पनचा म्हणजे छप्पन वर्षांचा नव्हे. विक्रम संवत एकोणीसशे छप्पनमध्ये जो दुष्काळ पडला त्याला जुनी माणसे नुसते ‘छप्पन’ म्हणत. इंग्रजी सालाने ते एकोणीसशे होते. त्या वर्षी साकोलीजवळच्या एका गावात, घरात मूठभर कोंडाही नसताना, जानराव जन्मले. ते जगले कसे, याचे नवल त्यांच्या आईला मरेपर्यंत पुरले. पुढे सन १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला जाऊन त्यांनी दीक्षा घेतली, आणि तेव्हापासून कोणी सहज वय विचारले की ते म्हणत, “आपले दोन्ही जन्म छप्पनचेच.” ऐकणारा हसे आणि मूळ प्रश्न विसरे. जानरावांना हवे असे तेवढेच.

हातात लेखणी धरून वय विचारणाऱ्या माणसाबद्दल त्यांच्या मनात जुना संशय होता. तो निराधार म्हणता येणार नाही. एकोणतीस वर्षे त्यांनी गावची कोतवालकी केली होती. रात्री गस्त घालणे, साहेब आला की घोड्याला वैरण देणे, आणि आठवड्यातून एकदा ठाण्यावर जाऊन गावातल्या जन्ममृत्यूची खबर देणे, असे ते काम. जन्माच्या खबरीत मुन्शी वय विचारीत नसे. मुलगा की मुलगी, कोणाचे, एवढ्यावर भागे. वय लिहिले जाई ते फक्त मेलेल्याचे. “मयत, अंदाजे वय चाळीस.” “मयत, अंदाजे वय साठ.” अशा कितीतरी ओळी जानरावांनी उभ्या उभ्या सांगितल्या होत्या. ज्याचे वय कागदावर चढले तो माणूस संपला, हा त्यांनी काढलेला निष्कर्ष होता, आणि तो त्यांच्या पाहण्यातून आलेला होता.

भिलाईत आल्यावर या निष्कर्षाला नवा आधार मिळाला. पोलादाच्या कारखान्याभोवतीचे हे गाव तरुण देहांसाठी बांधले जात होते. भट्टीला लागणारे दंड पंचविशीतले, त्यांच्या बायका विशीतल्या, दवाखान्यात बाळंतिणींची गर्दी, मैदानात झोके. म्हातारपणाला इथे कोणी मनाई केली नव्हती. ते कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. आईबाप गावाकडे राहिले होते. एखादी म्हातारी नातवाच्या बारशाला येई, महिनाभर ओट्यावर बसे आणि परतीच्या गाडीने गोंदियाकडे रवाना होई. रांगेत कायम राहणारे म्हातारे माणूस एकच, आणि आपण म्हातारे आहोत हे लपवण्यात त्याचा सगळा दिवस जाई.

लपवण्याला कारण होते. पावर हाउस नावाच्या वस्तीच्या बाजारामागे हिरालाल नावाच्या ठेकेदाराचे सिमेंटचे गोदाम होते. तिथे जानराव दोन वर्षांपासून चौकीदार होते. दुपारी दोनला जायचे, रात्री दहाला सुटायचे. हिरालालच्या माणसानेही वय विचारले होते, त्यालाही छप्पनचा हेच उत्तर मिळाले होते, आणि त्यानेही तोच आकडा चिठ्ठीवर लिहिला होता. साठीचा माणूस आपण फाटकावर ठेवत नाही, चौकीदाराचा डोळा तो आपला डोळा, असे हिरालाल चारचौघांत बोलून दाखवी. ते आपल्याला ऐकू यावे म्हणूनच बोलतो, अशी जानरावांची खात्री होती.

कारण डोळे जात होते. दोन्ही बुबुळांवर साय धरल्यासारखी झाली होती. उजेड कळे, अंधार कळे, मधले सगळे पाण्यात कालवलेल्या पिठासारखे दिसे. जानराव माणसे खोकल्यावरून ओळखीत, ट्रक इंजिनाच्या आवाजावरून, पोत्यांची थप्पी तळहाताने. ते इतक्या सफाईने करीत की गोदामातल्या कोणाला पत्ता नव्हता. शेजारच्या क्वार्टरातल्या सिंधुताईने एकदा गावाहून आलेले पत्र पुढे करून हे कोणाचे ते पाहा म्हटले, तेव्हा आपली परीक्षा घेतली जात आहे हे त्यांनी ओळखले. आपल्याला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक असून विचारतेस कशाला, असे त्यांनी तिला ऐकवले. सिंधुताईला ते खरोखर ठाऊक नव्हते.

सर्वांत जास्त संशय त्यांना सुनेचा होता. ललिता बोले कमी आणि पाही फार. मागच्या दिवाळीपासून घरात एक बदल झाला होता. पाण्याचा लोटा रोज एकाच जागी मिळे, वहाणा पायरीवर तोंड बाहेर करून ठेवलेल्या असत, काठी दाराच्या उजव्या अंगाला. एखाद्याने यात सोय पाहिली असती. जानरावांनी मोजदाद पाहिली. म्हाताऱ्याच्या वस्तू एका जागी गोळा करायच्या म्हणजे एक दिवस त्यांचे गाठोडे बांधायला वेळ लागत नाही, हे त्यांचे गणित होते. त्यातच गोदामाच्या वाटेवर नळासाठी चर खणला गेला, आणि ललिता रोज दिवेलागणीला गोदामावर येऊ लागली. भाजी मागून शिजली, असे सांगे. डबा देई आणि मुकाट्याने कोपऱ्यात बसून राही, ते दहा वाजता त्यांच्या मागोमाग घरी चालण्यासाठी. रोज भाजी मागून शिजते, हे कोणत्याही कोतवालाला पटले नसते.

मग मार्चच्या मध्यावर आनंदरावाने कागद आणला. आनंदराव त्यांचा एकुलता मुलगा, कारखान्याच्या रेल्वे यार्डात शंटिंगला होता. कागद दवाखान्याच्या बुकाचा होता. घरातल्या ज्या माणसांना कामगार पोसतो त्यांची नावे त्यावर चढवायची, म्हणजे त्यांना औषधपाणी मिळे. बापाचे नाव चढवायचे तर बाप साठीपुढचा हवा आणि त्याला स्वतःची कमाई नको. आनंदरावाने छापील मथळा वाचून दाखवला: आश्रित.

“आश्रित म्हन्जे कोन?” जानरावांनी विचारले.

“ज्याले दुसरा पोसते तो. कागदाचा शब्द आहे, बाबा. बुक भेटलं की डोळ्याचं ऑपरेशन होऊन जाते.”

“माह्या डोळ्याले काय धाड भरली?”

आतल्या खोलीत ललिताच्या हातातले सूप थांबले. जानरावांना ते थांबणे ऐकू आले, आणि हा कट दोघांचा आहे हे त्यांनी मनाशी नक्की केले.

“एकोनतीस वर्सं गावाची राखन केली,” ते म्हणाले, “आन् सांजच्या पारी दारोदार उभं राहून भाकर मागून आनली. कामाची भाकर, पन देत होते भिकेवानी. छप्पनले ते सोडलं. ते काय आश्रित व्हायासाठी सोडलं? घेऊन जाय तो कागद.”

या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती. गाव ज्याच्या जागरणावर झोपत होते त्यालाच गावाने आपला आश्रित ठरवले होते, आणि हा उलटा न्याय पिढ्यान्‌पिढ्या चालला होता. ज्याने तो एकदा झिडकारला त्याला तोच शब्द पोटच्या मुलाच्या हातात छापलेला दिसावा, तर त्याने शब्दामागची सोय कशी पाहावी? पण जानरावांच्या नकारामागे स्वाभिमान होता तितकीच भीतीही होती, हेही खरे आहे. कागदावर नाव गेले की नोकरी जाणार होती. नोकरी गेली की गावाकडचे तिकीट, असे त्यांना वाटत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पावर हाउसच्या सुतार मारोतरावाकडे विषय काढला. मारोतराव त्यांच्याच भागातला, तोंडाचा फाटका पण पोटात काही न ठेवणारा. दवाखान्यात म्हाताऱ्यांचा डोळा काढून रशियन इंजिनेरांना लावतात असे ऐकले, खरे काय, असे जानरावांनी विचारले.

मारोतरावाने रंधा खाली ठेवला. “तुया डोळ्यातून रशियनले काय दिसन गा? साकोलीचा बैलबाजार? एवढी भट्टी उभी केली त्यायनं, आन् तुया गोटीवाचून अडलं व्हय त्यायचं?”

जानराव हसले. परतताना मात्र, आनंदरावाने याला आधीच भेटून ठेवले असावे, असे त्यांच्या मनात आले.

घडायचे ते त्याच आठवड्यात घडले. संध्याकाळी फाटकात ट्रक आडवा लागला होता. ड्रायव्हर आणि दोन हमाल बाजूला विडी ओढत बसले होते. ललिता डबा घेऊन आली, तिला फाटकातून वाट मिळाली नाही, म्हणून ती मागच्या फळीच्या दाराने आत शिरली. थप्प्यांच्या बोळात जानरावांना पावलांची चाहूल लागली. सांडलेल्या सिमेंटच्या भुकटीवर पाऊल ओळखू येत नाही. “कोन हाय?” त्यांनी विचारले. परक्या पुरुषांदेखत सासऱ्याला मोठ्याने हाक मारण्याची तिला सवय नव्हती. घरातही ती हळूच बोले. तिने हाक न मारता डब्यावर दोनदा बोटे वाजवली. जानरावांना ऐकू आला तो लोखंडाचा आवाज. त्यांनी पुन्हा विचारले, उत्तर आले नाही, आणि त्यांनी आवाजाच्या रोखाने काठी हाणली.

काठी मनगटावर बसली. बांगड्या फुटल्या, डबा घरंगळत गेला. ट्रकवाले धावत आले.

“मी आहो, मामाजी,” ललिता म्हणाली. मग अगदी खालच्या आवाजात तिने विचारले, “तुमाले मी दिसली नाही काय?”

त्या प्रश्नात टोचणी नव्हती, असे मागाहून जानरावांना वाटले. त्या क्षणी त्यांना तो फासाचा दोर वाटला. समोर तीन साक्षीदार उभे होते आणि त्यांतला ड्रायव्हर हिरालालच्या कानाला लागणारा होता.

“दिसली,” जानराव म्हणाले. “चांगली दिसली. मांगच्या दारानं घुसनाऱ्याले चोरच म्हंते.”

ललिताने फुटक्या काचा पदरात गोळा केल्या आणि ती घरी गेली. आनंदरावाला तिने नळाच्या चरात पडल्याचे सांगितले.

ट्रकवाल्यांनी मात्र जे ऐकले ते सांगितले. चौकीदाराची सूनच गोदामात चोरी करताना सापडली, म्हाताऱ्याने नात्याची पर्वा केली नाही, अशी हकीकत दोन दिवसांत पावर हाउसहून रांगेत पोचली. हिरालालने जानरावांची पाठ थोपटली. चौकीदारी आता पक्की झाली होती.

ललिताच्या स्वयंपाकघराच्या दाराशी चार खिळे होते. त्यांवर शेजारच्या चार क्वार्टरांच्या किल्ल्या असत. बायका बाजाराला, दवाखान्याला किंवा जवळच्या उतई गावाकडे शेतावर जायच्या तर किल्ली ललिताकडे ठेवून जात. लहान मूल परतले तर तीच दार उघडून देई. सिंधुताई प्रथम आली. माझी बहीण येणार आहे, तिला लागेल, म्हणून किल्ली घेऊन गेली. दुसरीने कारण सांगितले की कुलूप बदलले. तिसरीने कारण सांगितलेच नाही. कोणी वाईट शब्द काढला नाही, सगळ्यांनी चहाही घेतला. जानराव ओट्यावर बसून प्रत्येक वेळी खिळ्यावरून किल्ली निघाल्याचा आवाज ऐकत होते. रात्रीच्या गस्तीत कडी वाजली तर कोणाच्या घरची ते सांगणारे कान होते ते. चौथी किल्ली निघाली त्या दिवशी ललिता आत जाऊन दार लोटून बसली.

खोटे मोडायला एक वाक्य पुरेसे होते: मला दिसले नाही. ते कोणत्याही शेजारणीला सांगितले असते तरी संध्याकाळपर्यंत रांगभर झाले असते. पण ते पावर हाउसलाही पोचले असते. जानरावांनी ते आठ दिवस तोंडात धरून ठेवले. नवव्या दिवशी, आनंदराव पाळीवरून आल्यावर, ते एवढेच म्हणाले, “तो कागद काढ.”

कचेरीत श्यामराव नावाचे कारकून होते, वर्ध्याकडचे, तिशीतले. त्यांनी जुना कागद काढून दोन्ही पाहिले आणि चष्मा वर केला. आनंदरावाने नोकरीला लागताना बापाचे वय छप्पन लिहिले होते, धंदा चौकीदारी. आता दोन वर्षांनी बाप एकसष्टचा झाला होता आणि धंदा काही नाही. भिलाईच्या हवेत माणसाचे वय दोन वर्षांत पाचाने वाढते काय, असे त्यांनी विचारले.

“छप्पनचा म्हन्जे छप्पन वर्साचा नाही जी,” जानराव मधेच म्हणाले. “छप्पनच्या दुकाळातला. माय म्हने, लोकं झाडाची साल खाऊन राहिले होते तवा झाला.”

श्यामरावांची लेखणी थांबली. त्यांची आजी असेच म्हणे. त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात संवताचे सन केले, वजाबाकी केली आणि मान हलवली. एकसष्ट बरोबर होते.

“मग बाबा, इतके दिवस सरळ सांगितलं कावून नाही?” श्यामरावांनी विचारले.

“तुमी लोकं वय लिवता मेल्यावर. म्हून.”

श्यामराव हसले, आणि हसता हसता त्यांनी मान वर केली. समोरच्या रॅकमध्ये शेकडो फायली होत्या. त्यांतली बहुतेक माणसे एकदोन वर्षांतच, एकाच वयात भरती झाली होती. आपण सगळे एकदमच म्हातारे होणार, ते जणू स्वतःशीच बोलले, आणि तेव्हा या गावाला कळेल की म्हातारे ठेवायचे कुठे. मग त्यांनी दृष्टीबद्दल विचारले. जानरावांनी खाली मान घालून सांगितले की दिसत नाही. हे शब्द त्यांनी पहिल्यांदा उच्चारले होते. ऐकायला चार भिंती, एक कारकून आणि मुलगा होता.

अंगठा देण्याआधी त्यांनी बोट वर धरले. “आश्रित नोको लिवू. त्या जागी बाप लिव.”

नात्याच्या रकान्यात ‘वडील’ लिहिलेच आहे, श्यामरावांनी सांगितले; वरचा शब्द छापील आहे, तो कोणाला खोडता येत नाही. जानरावांनी थोडा वेळ अंगठा तसाच धरला आणि मग टेकवला.

परतीच्या वाटेवर बाजार मागे पडल्यावर आनंदरावाने विचारले, “मंग त्या दिवशी ललिता...”

“ऊन फार झालं,” जानराव म्हणाले. “चाल लवकर.”

हिरालालला त्यांनी डोळ्यांचे सांगितले नाही. आता मुलाने घरी बसा म्हटले आहे, असे सांगून काठी घेऊन निघून आले. एप्रिलमध्ये डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. दहा दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती आणि मान हलवायची नव्हती. ललिता दोन्ही वेळा दवाखान्यात येऊन भरवी. ती आ करा म्हणे, ते आ करीत. त्या दहा दिवसांत सांगता आले असते. प्रत्येक घासाला त्यांना ते वाटे, आणि प्रत्येक घासाला शेजारच्या खाटेवरचा माणूस जागा आहे की काय, असा संशय येई.

पट्टी निघाली, जाड भिंगाचा चष्मा आला. सुनेचा चेहरा त्यांनी दोन वर्षांनी नीट पाहिला. तिच्या उजव्या मनगटाचे हाड थोडे वर आलेले होते. ते त्यांनी पाहिले आणि पाहिल्याचे कळू दिले नाही.

मे महिन्यापासून ते दिवसभर ओट्यावर बसू लागले. कोण आले, कोण गेले, कोणाचे पोर रस्त्यावर पळाले, सगळे आता त्यांना दिसे. रांगेतल्या तरुण बायकांच्या ध्यानात एक गोष्ट आली की घरी थांबणारे, न झोपणारे, सुनेलाही न सोडणारे माणूस इथे एकच आहे. सिंधुताईने पहिली किल्ली आणून दिली. बाबांच्या हातात द्या, असे तिने आपल्या मुलीला बजावून सांगितले होते. फुकटचा चौकीदार गावला यांना, असे जानराव तोंडाने म्हणाले, पण किल्ली त्यांनी कमरेच्या करगोट्याला बांधली. जून संपेपर्यंत नऊ किल्ल्या झाल्या. पोरे त्यांच्याजवळ सोडून बायका निर्धास्त बाजाराला जाऊ लागल्या, आजारी मुलाला काय द्यावे ते विचारू लागल्या, भांडणे त्यांच्यापुढे आणू लागल्या. ज्या रांगेत म्हाताऱ्या माणसाला जागा नव्हती तिथे तो मधोमध बसला. ललिता त्या किल्ल्यांना हात लावीत नसे. कोणी चुकून तिच्याकडे पुढे केली तर ती ओट्याकडे बोट दाखवी.

सून चोर नव्हती, मला दिसत नव्हते, हे वाक्य जानरावांनी रांगेत कोणालाही सांगितलेले नाही. ते वाक्य जानराव ललिताला अजून देणे लागतात.